बुटकं दार

लातुरात औसा रोडला आमचं घर विचारलंत तर "ते टोपीवालं का?" म्हणून कुणीही बोट दाखवील. छप्पर टोपीसारखं एका बाजूला कललेलं, खिडक्या गोल, वर वाकडं धुराडं. खाली चूल नाही, गॅस आहे, पण धुराडं आहे. लहानपणी गोष्टींच्या पुस्तकात पाहिलेलं घर मी पन्नाशीत बांधून घेतलं. शाळेच्या रिक्षा आमच्या फाटकाशी मुद्दाम हळू होतात, ते मला फार आवडतं.

खरं सांगायचं तर हे घर निम्मं हौसेनं बांधलं आणि निम्मं खुन्नस म्हणून. नांदेडला थोरल्या जाऊबाईंच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं काढली. प्रत्येक सणाला चारचौघींत त्यांच्या पाया पडायचं, आणि त्या मला तशीच वाकलेली ठेवून शेजारणीशी बोलत राहायच्या. आशीर्वाद काही लवकर निघायचा नाही. तेव्हाच ठरवलं, एकदा तरी ही बाई माझ्यापुढं वाकली पाहिजे.

म्हणून पुढचं दार बुटकं.

"बाई, दार लई बुटकं व्हायलंय," मिस्त्री म्हणाले. "पावण्यांची डोकी फुटतील की."

"वाकून येतील," मी म्हणाले.

वास्तुशांतीला जाऊबाई मांडवातच खुर्ची टाकून बसल्या. "घर हाय का कोंबड्यांचं खुराडं?" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, जेवल्या आणि गेल्या. दाराकडं फिरकल्याही नाहीत. माझा नुसता जळफळाट झाला.

मागच्या महिन्यात त्यांचाच फोन आला. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि लेकीला लग्नाआधीचे फोटो माझ्याच घरापुढं काढायचे होते. "तिला लई आवडतंय गं ते घर."

"या की अक्का," मी गोड आवाजात म्हणाले. "पण चहाला आत यायचं."

त्या दिवशी मी आतून दारासमोर खुर्ची मांडली आणि पाय पुढं सोडून बसले. गाडी थांबली. फोटोवाला, पोरगी आणि होणारा जावई अंगणात आले. जाऊबाई थेट पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. बुटक्या दारातून मला त्यांच्या निऱ्या दिसत होत्या. आता वाकतील.

"अगं, जावई पहिल्यांदा दारात आलेत," बाहेरून आवाज आला. "भाकरतुकडा ओवाळणार हायस का तसंच आत घेणार?"

एवढं सगळं सुचलं, आणि हे सुचलं नव्हतं. तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन मी बाहेर निघाले. वाकून. डोकं नेमकं त्यांच्या पायांशी आलं. या वेळी त्यांनी जराही उशीर केला नाही, लगेच डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा." फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. चहा त्यांनी अंगणातच घेतला, गुडघे दुखतात म्हणाल्या. गाडीत बसायच्या आत त्यांनी तो फोटो फोटोवाल्याकडून मोबाइलवर घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांना वाटलं, दार उंच करायचंय. म्हटलं, त्याला हात लावायचा नाही. बाजूच्या भिंतीत माझ्यापुरतं एक दार पाडा, चांगलं उंच. पुढच्या आठवड्यात पोरीचं केळवण माझ्याकडं आहे, आणि पानं आत मांडणार आहे.