तेल लावलेलं गेज

आमच्या मिस्त्रीला कुणी हत्यार मागितलं की तो आधी मागणाऱ्याचे हात बघतो. हात बघून झाले की नाही म्हणतो. एका वर्कशॉपमध्ये आम्ही उभं आयुष्य काढलं, तो ट्रॅक्टरखाली आणि मी लेथवर. एवढ्या वर्षांत मला त्याने एक पाना दिला, तोही एकदाच. परत घेताना माझ्यादेखत पुसला, त्याला तेल लावलं आणि मग म्हणाला, "बरा वापरलास."

त्याचं लाडकं हत्यार म्हणजे फिलर गेज. फट मोजायला वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा. काम झालं की प्रत्येक पट्टीला तेलाचं बोट, वर मऊ फडकं, मग डबी. गंजाची हिंमत नाही जवळ यायची. वहिनी म्हणायच्या, "पोरांना कधी एवढं मालिश केलं नाही ह्यांनी."

निवृत्त झाल्यावर लोक घड्याळ घेऊन घरी येतात. हा ट्रॅक्टर घेऊन आला. पेट्रोलवर चालणारं जुनं धूड, वर्कशॉपने मोडीत काढलेलं. दोरी लावून ओढत आणला आणि घरामागच्या शेडमध्ये घातला. त्यानंतर रोज त्यावर काम करायचा. काम म्हणजे पुसायचा. पुसणं हेही कामच, पण त्याने इंजिन चालत नाही. मी हे बोललो की म्हणायचा, "घाईचं काम लेथवर कर."

वहिनी शिवणकाम करतात. त्यांच्याकडे शिकायला मुली येऊ लागल्या, मशिनं वाढली, पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. एक दिवस त्यांनी मला पंच म्हणून बोलावलं आणि नवऱ्याला सांगितलं, "अहो, शेड मला पाहिजे. रविवारी दुपारपर्यंत हा ट्रॅक्टर आपल्या पायांनी बाहेर आला तर अंगणात राहू दे. नाही आला तर भंगारवाला नेईल. त्याला सांगून ठेवलंय."

"अगं, पण आजवर..."

"आजवर तो माझ्यापेक्षा कोरड्या जागेत राहिला. भाऊजी, ऐकलंत ना तुम्ही?"

मी ऐकलं होतं. मिस्त्रीचा चेहरा उतरला. ज्या इंजिनावर तो पहिल्यांदा काम शिकला, ते हेच. हे त्याने कधी सांगितलं नव्हतं, पण वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

रविवारी सकाळी त्याने इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या भागाची, टोपी उघडली. आत दोन इवले पॉइंट असतात. ते मिटतात आणि उघडतात, उघडले की प्लगला ठिणगी जाते. शेजारी अंगठ्याएवढी पत्र्याची डबी असते, कंडेन्सर. ती मेली की पॉइंट जळतात. इथे डबी मेली होती आणि पॉइंट जळून खडबडीत झाले होते. नवा जोड आणि दोन कंडेन्सर त्याने आणून ठेवले होते. दोन का, तर हल्लीच्या मालावर त्याचा विश्वास नाही.

काम बघण्यासारखं केलं, हे मान्य. वॉशर क्रमाने मांडले. बारीक स्क्रू आत पडू नये म्हणून खाली चिंधी कोंबली. नवे पॉइंट बसवले, इंजिन हाताने फिरवून ते पुरते उघडले, फटीत गेजची पट्टी घातली. पट्टी अडायला नको आणि सैलही नको, किंचित धरली पाहिजे. धरली. स्क्रू आवळला. आवळताना हललं असेल म्हणून पुन्हा मोजलं. मग समाधानासाठी पुन्हा.

तेवढ्यात भंगारवाला आला, खोक्यावर बसला आणि चाकांकडे बघू लागला.

"तिकडे बघू नकोस," मिस्त्री म्हणाला.

"मी चहाची वाट बघतोय."

हँडल मारायचं माझ्याकडे. मारलं. इंजिन नुसतं उसासलं. परत मारलं. खांदा बोलायला लागला, इंजिन नाही.

"लेथवाल्याचा जोर तो," मिस्त्री म्हणाला. मी हँडल त्याच्या हातात दिलं. मिस्त्रीच्या जोरालाही इंजिन भुललं नाही. प्लग काढून बघितला. ठिणगी नाहीच.

"कंडेन्सर. बोललो नव्हतो?" त्याने दुसरा घातला. घातल्यावर फट पुन्हा मोजली. पुन्हा हँडल, पुन्हा उसासा. मग वायरी तपासल्या, आणि जाता जाता फट मोजली. भंगारवाल्याने चहा संपवून दोरी सोडायला घेतली. मिस्त्री फडक्याने बॉनेट पुसत राहिला, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं तिथे.

वहिनी कप न्यायला आल्या. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि इंजिनात वाकल्या. मिस्त्रीने त्यांचे हात बघितले आणि तो बाजूला सरकला.

"हे चकाकतंय काय?"

"नवं आहे, चकाकणारच."

"नव्याची चकाकी वेगळी. हे ओलं आहे." त्यांनी गेजची पट्टी उचलून बोटावर घासली आणि बोट त्याच्या नाकासमोर धरलं. "अहो, मी मशीनला तेल घातलं की पहिल्यांदा काय शिवते?"

मिस्त्रीने बोटाचा वास घेतला.

"चिंधी शिवते. तेल सगळं तिला लागू देते, मग गिऱ्हाइकाचं कापड. तुम्ही चिंधी चालवलीत?"

मी हसायला लागलो, हँडलला धरून. गेजला गंज चढू नये म्हणून लावलेलं तेल पॉइंटला लागलं होतं. मध्ये तेल आलं की पॉइंट मिटूनही करंट जात नाही. आणि हा पठ्ठ्या जितकी काळजी घेऊन मोजत होता, तितकं लेपत होता. दुसरा कुणी आळशी असता तर इंजिन कधीच लागलं असतं.

वहिनींनी कोऱ्या सुती कापडाची पट्टी कातरली. मिस्त्रीने ती पेट्रोलमध्ये बुडवून पॉइंटमधून ओढली, मग कोरडी ओढली, तिच्यावर काळं उमटायचं थांबेपर्यंत. फट मोजायला हात डबीकडे गेला.

"खबरदार," आम्ही तिघेही म्हणालो. तिसरा भंगारवाला.

हँडल मारलं. इंजिन खोकलं, शिंकलं, धुराचा लोट भंगारवाल्यावर सोडला आणि चालू झालं. मिस्त्री वर चढला, तोंड पलीकडे करून. ट्रॅक्टर आपल्या पायांनी अंगणात आला. डोळे त्याने धुरामुळेच पुसले असं म्हणतो. धूर मागे होता, तो पुढे बसला होता.

संध्याकाळपर्यंत शेडमध्ये मशिनं लागली. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीची कुरकुर सुरू झाली, अंगणात दव पडतं म्हणून. वहिनींनी जाड कॅनव्हासचं कव्हर शिवून दिलं. त्याने ते उलटसुलट बघितलं आणि टाके सारखे आहेत का पाहायला डबीतून गेज काढलं.

"आधी पुसा," वहिनी म्हणाल्या.

त्याने पुसलं.