लोकांच्या कॉम्प्युटरात ठेवलेला फोटो

नगरला लागून केडगावात, पुणे रोडला, पंक्चरवाल्याच्या डोक्यावर, प्रज्ञाचं डीटीपी सेंटर होतं. सेंटर म्हणायचं आपलं. एक खोली, एक टेबल, आणि एक सेकंडहँड कॉम्प्युटर. त्याचं पोट एवढंसं की चार लग्नपत्रिका आणि एक निवडणुकीचं पत्रक मावलं की पुढच्या कामाला तो सरळ हात वर करायचा. सत्त्याण्णव साल होतं. मोठी हार्ड डिस्क घ्यायची तर गळ्यातलं मोडावं लागलं असतं, आणि प्रज्ञाच्या गळ्यात मोडण्यासारखं काही नव्हतं.

पण डोकं होतं! नगरातल्या दुकानांत, दवाखान्यांत, एका पतसंस्थेत जाऊन ती तिथल्या लोकांना मराठी टायपिंग शिकवायची. तिथली मशीनं बघून तिचा जीव जळायचा. नवीकोरी, ऐसपैस, आणि आत काय? डॉक्टरसाहेब त्यावर पत्ते खेळायचे. खतवाले शेठ नुसता पंखा लावून समोर बसायचे. मग बाईंनी काय करावं? आपल्या जड जड फाइली फ्लॉप्यांवर घ्यायच्या, पिशवीत टाकायच्या, आणि शिकवणीला गेलं की गुपचूप त्यांच्या मशीनमध्ये उतरवून यायच्या. घरी येऊन आपली जागा मोकळी. शेजारणीच्या फ्रिजमध्ये आपलं दूध ठेवावं तसं. फरक इतकाच, की शेजारणीला आपण सांगून ठेवतो.

कोणी हात लावू नये म्हणून तिनं नामी शक्कल काढली होती. प्रत्येक फाइलीचं नाव 'व्हायरस'. व्हायरस एक, व्हायरस दोन. त्या काळी या नावाला लोक पटकीसारखे भ्यायचे. डॉक्टरसाहेबांनी एकदा ते नाव पाहिलं आणि दोन दिवस पत्तेसुद्धा खेळले नाहीत.

त्या वर्षी मिरजगावला, म्हणजे तिच्या माहेरी, नवं बुद्धविहार बांधून झालं. बांधणारा गवंडी तिचाच बाप, कचरू. उद्घाटन अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्यालाच. समितीचे अध्यक्ष काकासाहेब म्हणाले, छप्पन साली आपली माणसं नागपूरहून दीक्षा घेऊन आली तेव्हा काढलेला फोटो भिंतभर मोठा करून लावायचा. फोटो एकच होता. मागं बायाबापड्या उभ्या, पुढं पोरंसोरं मांडी घालून. त्या उभ्या बायांत कचरूची आई भागिरथी, आणि बसलेल्या पोरांत सात वर्षांचा कचरू. पुढच्याच उन्हाळ्यात भागिरथी गेली. मायलेकांचा एकत्र असा तेवढाच फोटो. कचरू एरवी मुलखाचा तोंडाळ माणूस, पण फोटो लेकीच्या हातात देताना नुसतं म्हणाला, "जपून न्ये."

प्रज्ञानं एका प्रेसमधून चार दिवसांच्या बोलीवर स्कॅनर आणला. भिंतभर फोटो म्हणजे फाइल ही एवढी! अख्खी मावणं शक्यच नव्हतं. मग आडवे पट्टे पाडले. एक पट्टा घ्यायचा, फ्लॉप्या भरायच्या, रिक्षानं नगरात जाऊन कोणाच्या तरी मशीनमध्ये ठेवायचा, परत येऊन आपल्याकडचा पुसायचा, की पुढचा. वरचे पट्टे डॉक्टरांकडे. मधले खतवाल्याकडे. शेवटचा, पोरांचा पट्टा घेतला आणि फोटो उचलायला गेली तर खालची कड काचेलाच चिकटलेली. हळूहळू सोडवली, तर हातात पापुद्रे आले. एकाही पोराचा चेहरा उरला नाही.

मग तिनंच स्वतःला समजावलं, अगं, फाइल आहे ना! आता तेवढा एक पट्टा सगळ्यात सुरक्षित जागी ठेवायचा. तो तिनं पतसंस्थेत ठेवला. तिथल्या कॉम्प्युटरला एसीची खोली होती, चपला बाहेर काढून आत जावं लागे, आणि राखणीला कारभारी नावाचे क्लार्क होते. ते रोज सकाळी आधी मशीनला हात जोडत आणि मग हजेरीला सही करत. मग प्रज्ञानं निर्धास्तपणे आपल्याकडचा पट्टा पुसला, आणि फ्लॉप्याही पुसून खोळंबलेल्या लग्नपत्रिकांना लावल्या.

नवरात्रात पुण्याच्या प्रेसचा माणूस मोठी डिस्क घेऊन आला. त्याला उसन्या स्कूटरवर मागं बसवून प्रज्ञा पट्टे गोळा करत फिरली. डॉक्टरांकडचे मिळाले. खतवाल्याकडचे मिळाले. पतसंस्थेत शिरली तर काय, सगळीकडे झाडलोट, जाळीजळमटं काढणं चाललेलं. खंडेनवमीला मशीनची पूजा असते ना!

कारभारी हसत पुढं आले. "ताई, बरं झालं आलात. मशीनला व्हायरस झाला होता! एकच होता, पण चांगला दांडगा. म्हटलं, असली घाण पोटात ठेवून पूजा कशी करायची? काढला."

"काढला म्हणजे?"

"पुसला की! वर नवा हिशेबाचा प्रोग्रॅमपण चढवून घेतला त्याच जागेत. आता कसं, निर्मळ!" आणि त्यांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

प्रज्ञानं तो पेढा खाल्ला. करणार काय? शिव्या द्यायच्या तर कोणाला? नाव तिनंच ठेवलं होतं. तरी तिनं तास दीड तास त्या मशीनमध्ये उचकापाचक करून पाहिली. काही म्हणजे काही हाती लागलं नाही. घरी येऊन उशीत तोंड खुपसून ती ढसाढसा रडली. बापाचं बालपण तिनं पुसून घेतलं होतं, वर पेढा खाऊन.

दसऱ्याला ती मिरजगावात टेम्पोतून उतरली. सोबत पुण्याहून छापून आलेला फोटो, पट्टे जोडून प्लायवूडवर चिकटवलेला. बाया-माणसं कमरेपर्यंत छान उमटलेली, आणि खाली पोरांच्या जागी कोरं लाकूड. काकासाहेबांचे डोळे मोठे झाले. "पोरी, पुढची पोरांची वळ कुठं गेली?"

प्रज्ञाची जीभ तिच्या आधी बोलली. "काका, मुद्दामच ठेवली नाही! ती पोरं अजून आहेत ना गावात? त्यांना खरीखुरी पुढं बसवायचं. पुण्यात आता असंच करतात."

पुण्याचं नाव निघालं आणि काकासाहेब खूश! लगोलग माइकवर पुकारा झाला. छप्पनची पोरं गुडघे धरत, कण्हत, लाजत पुढं येऊन बसू लागली, आणि बसता बसताच भांडण पेटलं. रतनबाई पन्नाशीची, पण हटायला तयार नाही. "हितं मी हुते! कचऱ्या, तू तिकडं कडंला हुतास, शेंबूड पुसत!"

"तुझा शेंबूड मीच पुसत हुतो! सरक!"

सगळं विहार हसत होतं. कचरू मात्र बसायच्या आधी वाकून लेकीच्या कानाशी आला.

"हरवला न्हवं पट्टा?"

प्रज्ञाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "व्हय, आण्णा. माझ्याच शहाणपणापायी. फोटोपण खालनं फाटला. लई चुकलं माझं."

कचरूनं वर पाहिलं. भागिरथीचा एक हात पदराशी होता. दुसरा खाली आला होता आणि छपाई संपली तिथं मनगटाशी तुटला होता. तो हात कुठं टेकला होता हे त्या विहारात एकट्या कचरूला ठाऊक होतं.

त्यानं रतनबाईला खांद्यानं ढकललं. या खेपेला ती मुकाट सरकली. तो त्या हाताखाली मांडी घालून बसला, जरा डावीकडं झाला, मग पाठ ताठ केली. समितीनं बोलावलेला फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून थांबला होता, त्याला त्यानं हातानंच दम धर म्हणून खुणावलं.

"प्रज्ञे," मान न हलवता त्यानं विचारलं, "आयेचा हात बराबर डोक्यावर आला का, बघ."