पोच द्या, साहेब

तो मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहून गेलं. गवताच्या रानातल्या वणव्यांबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला वनखात्यानं निरवांगीजवळ बैठक लावली होती. मी मंडपवाल्याच्या खुर्च्या टेंपोतून घेऊन गेलो होतो. मी हिंगोलीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. इकडं आल्यापासून "जेवलास का?" असं पहिल्यांदा विचारलं ते त्या मेंढपाळानं, आणि अर्धी भाकर पुढं केली.

साहेबांनी आराखडा वाचला. मेंढरांना रानात बंदी, कारण आग मेंढपाळच लावतात म्हणे! तो उठला. खांद्यावरची घोंगडी कडेनं करपलेली होती. बोलताना तो तीच कड चोळत होता.

"साहेब, गेल्या साली आग आमी ह्या घोंगड्यांनी मारली. तुमची गाडी डांबरीवरच उभी व्हती. रस्त्याकडंचं गवत आमची मेंढरं खात्यात, म्हणून आग आत शिरत न्हाय. बंदी घातली तर गवत गुडघ्याएवढं हुईल. मंग?"

"लेखी द्या, बाबा. तोंडी धरत नाही."

"मला लिवता येत न्हाय. आग इझवताना लेखी मागितलं न्हवतं, साहेब."

लोक हसले, साहेबही हसले. माझं डोकंच फिरलं. ऐकायला बोलावता आणि हसता? टेबलावरचा कागद ओढून मी त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. मंडपवाला डोळे वटारत होता. काम जाईल या भीतीनं अक्षर वाकडं आलं. मेंढपाळानं खाली अंगठा उठवला. साहेबांनी न वाचताच कागद फायलीत सरकवला.

"पोच द्या," मी म्हणालो.

बाहेर ड्रायव्हरनं साहेबांची गाडी सुरू केली होती. साहेबांचा पोचेवर शिक्का बसेपर्यंत आम्ही दोघं टेबलापुढून हललो नाही.