दर्शनी भाग

डॉ. पद्माकर कर्णिक यांनी १९८३ साली लंडनमधल्या पिनरजवळच्या होलीबँक इस्टेटमध्ये घर घेतलं. खरं तर त्यांनी अठ्ठेचाळीस पानांची नियमावली घेतली. घर तिच्याबरोबर आलं.

होलीबँक ही आखून बांधलेली वस्ती. १९१०च्या सुमारास एका बिस्किटवाल्या श्रीमंताने आपल्या कारकुनांना मोकळी हवा आणि सद्गुण मिळावेत म्हणून दीडशे घरं बांधली. कारकून केव्हाच गेले. हवा राहिली, आणि सद्गुणांची जबाबदारी ट्रस्टच्या कमिटीने घेतली. पुढची झुडपांची हेज चार फूट, वर इंचभरही नाही. दाराला पाचांपैकी एक रंग. दर्शनी भागात कसलाही बदल नाही.

दुसरा कोणी वैतागला असता. कर्णिक सुखावले. हेडमास्तरांचे चिरंजीव, आणि पेशाने हॉस्पिटलात भूल देणारे. इंग्रजाचे नियम इंग्रजापेक्षा काटेकोर पाळले की इंग्रज आपल्याला आपला मानतो, असं त्यांना मनापासून वाटे. ही चूक करावी तर आपल्याच लोकांनी. तीन वर्षांत ते कमिटीचे मानद सेक्रेटरी झाले आणि रविवारी सकाळी घडीची फूटपट्टी घेऊन हिंडू लागले.

“अहो, लोकांची झुडपं काय मोजताय!” सुप्रभाताई म्हणत.

“लोकांनीच निवडून दिलंय मला.”

“दुसरं कुणी उभंच नव्हतं म्हणून.”

१९८७ साली चौदा नंबरच्या मिसेस पेटिग्रू यांनी पुढच्या तीन पायऱ्यांना लोखंडी कठडा मागितला. वय एक्याऐंशी. कमिटी विरघळत होती. कर्णिक विरघळले नाहीत. उत्तराचा मसुदा त्यांनीच केला: ‘आम्हांस पूर्ण सहानुभूती आहे, तथापि एका घरास दिलेली सवलत ही साऱ्या वस्तीची हानी ठरेल.’ चेअरमननी भाषेची तारीफ केली. पुढच्या वसंतात म्हातारी वृद्धाश्रमात गेली. नाताळात तिचं कार्ड आलं, आणि तेही कर्णिकांनी कौतुक म्हणूनच घेतलं.

१९९३मध्ये सुप्रभाताईंची डावी बाजू गेली. व्हीलचेअर आली, आणि पुढच्या दाराशी तीन पायऱ्या होत्याच. कौन्सिल रॅम्प बांधून द्यायला तयार होती. फक्त ट्रस्टची परवानगी हवी होती. कर्णिकांनी रहिवासी म्हणून अर्ज लिहिला, सेक्रेटरी म्हणून त्याची पोच दिली, आणि निर्णय होईपर्यंत नियमाप्रमाणे खोलीबाहेर वीस मिनिटं बसून राहिले.

उत्तराखाली सही चेअरमनची होती. सहानुभूती पूर्ण होती. ‘तथापि’पासून पुढचं कर्णिकांना पाठ होतं.

क्रॉयडनला नोकरी करणारी त्यांची मुलगी शिल्पा त्या शनिवारी येऊन भडकली. “बाबा, just बांधून टाका ना ती रॅम्प! काय करणार आहेत ते? तुम्हाला arrest करणार?”

“मी सेक्रेटरी आहे, शिल्पा. मीच नियम मोडू?”

“मग रिझाइन करा! आणि आई कुठून जाणार?”

“मागून.”

मागून म्हणजे स्वयंपाकघरातून, बाहेरच्या डब्यांच्या रांगेला खेटून, खडीवरून गल्लीत. सुप्रभाताईंची जीभ जड झाली होती, बोथट नव्हे. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “आणलंत पुढच्या दाराने. नेताय कचऱ्याच्या वाटेने.”

कर्णिकांनी खडी सारखी करून घेतली. दुसऱ्या वर्षी त्यांनी अपील केलं. अपिलं वर्षातून एकदाच, मार्चमध्ये ऐकली जात. १९९५च्या मार्चला ट्रस्टचा आर्किटेक्ट आजारी पडला आणि सुनावणी वर्षभर पुढे गेली. ही तरतूदही नियमावलीत होती, एकोणचाळिसाव्या पानावर.

“एकदा पुढून न्या हो मला,” त्या डिसेंबरात म्हणाल्या. “दोन माणसं बोलवा, उचलतील.”

“मार्चपर्यंत थांब ना. मग रोज जाशील.”

त्या जानेवारीत गेल्या. अंत्यविधीच्या दिवशी त्यांना घरी आणलं होतं. निघताना अंडरटेकरने अदबीने विचारलं, पुढून की मागून?

“पुढून,” कर्णिक म्हणाले.

सहा माणसं होती. तीन पायऱ्या त्यांना जाणवल्याही नाहीत.

मार्च १९९६च्या सभेचं इतिवृत्त सुवाच्य आहे. विषय चार: रॅम्पसंबंधीचं अपील, अर्जदारास आता गरज नसल्याने निकाली. विषय पाच: जानेवारीतील एका प्रसंगी पाहुण्यांच्या गाड्या हिरवळीवर उभ्या होत्या, अशी एका सभासदाची तक्रार, सेक्रेटरींनी दिलगिरी व्यक्त केली.

अक्षर कर्णिकांचंच. तक्रार नियमाला धरून होती.