हेल्मेट काढण्याआधी

माझा मामा म्हणजे दुधाने तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारा. कामच तसं होतं. हलत्या युद्धनौकेवर कुठल्या वाऱ्यात हेलिकॉप्टर सुखरूप उतरेल, त्याची रेषा तो कागदावर आखायचा. त्यासाठी चाचणी वैमानिक मुद्दाम वेगवेगळ्या वाऱ्यांत उतरायचे आणि किती जड गेलं त्याचा आकडा सांगायचे. एक म्हणजे सोपं. तीनपर्यंत चालेल, चार म्हणजे धोका, पाच म्हणजे पुन्हा नको. मामाचा नियम एकच, आकडा हेल्मेट काढण्याआधी विचारायचा.

"चहा पोटात गेला की सगळेच शूर," तो म्हणायचा.

घरीही तेच. ताप असो नाहीतर गणिताचा पेपर, आम्ही चप्पल काढायच्या आत "किती?" आम्ही भाचरं वैतागायचो. त्याची मुलगी मात्र हसून खरा आकडा सांगायची.

त्याने नियम मोडला तो एकदाच. त्या दिवशी वैमानिक त्याचा जावई होता. उतरला तेव्हा घामाने निथळत होता, हात थरथरत होते. मामाला दया आली. "जावईबापू, आधी चहा घ्या." चहानंतर चार मित्रांसमोर जावई म्हणाला, "तीन." मामाने ते हात पाहिले होते, तरी तीनच लिहिलं. मला त्याचा आजही राग येतो.

आठ महिन्यांनी तशाच वाऱ्यात दुसऱ्या जहाजावरचा एक पोरगेला वैमानिक हेलिकॉप्टरसकट समुद्रात गेला. चौकशीत ठरलं, वारा रेषेच्या आत होता, म्हणजे चूक त्याचीच. मेलेल्याच्या माथी मारणं सोपं असतं.

मामाने जेवता जेवता जावयाला विचारलं, "खरं किती होतं?"

त्याने हातातला घास खाली ठेवला. "चार. सगळे बघत होते, बाबा."

"बाबा, हे इथेच राहू दे," मुलगी म्हणाली. "यांचं उडणं जाईल."

दुसऱ्या दिवशी मामाने सगळं लिहून दिलं, स्वतःच्या चुकीसकट. रेषा आत सरकली, मेलेल्यावरचा ठपका पुसला गेला. मामाची नोकरी गेली. जावई आता गोदामात सुटे भाग काढून देतो आणि घरी कुणाशी बोलत नाही.

परवा मुलगी मामाच्या घराची किल्ली परत द्यायला आली. मी तिथेच होतो. ती दारात असतानाच मामाने विचारलं, "किती?"

"एक," ती म्हणाली. किल्ली टेबलावर ठेवली आणि चप्पल न काढताच निघून गेली.

मामाने किल्ली उचलून खुंटीला लावली. मग मला म्हणाला, "पाच आहे रे."