त्यांची वांगी, माझा बहावा

वर्ध्याच्या एका रोपवाटिकेत त्या बाई भेटल्या. एका हातात वांग्याची रोपं, दुसऱ्या हातात बहाव्याचं. दोन्ही हात तराजूसारखे वरखाली करत होत्या.

"अंगण एवढुसं हाय," त्या मला म्हणाल्या. "रोडगे केले का वांग्याची भाजी पायजेच. अन् पंगतीले सावली पायजे. काय लावू?"

"वांगी लावा."

"मंग पाहुणे काय उन्हात बसवू?" त्यांनी बहाव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्याकडे जागा हाय?"

मी हो म्हणताच त्यांनी बहावा माझ्या हातात ठेवला. "हा तुम्ही लावा. वांगे मी आणतो. रोडगे तुमच्या सावलीत करू."

नाव-पत्ता काही न विचारता त्या निघून गेल्या.

आता त्या बहाव्याखाली सगळी पंगत सहज बसेल. फाटक वाजलं की मी आधी येणाऱ्याच्या हातातली पिशवी बघतो.