तपासणीची बाटली

तिचं नाव विचारायचं राहिलंच. मधुमेहानं मूत्रपिंडाला धक्का लागलाय का, हे बघायला दुष्काळी छावणीतल्या दवाखान्यात आम्हा म्हाताऱ्यांची लघवी तपासत होते. रांगेत साऱ्याजणींनी बाटल्या पदराखाली दडवलेल्या. माझ्यापुढची कपाळभर कुंकवाची देवगावकरीण मात्र निरांजन धरावं तशी बाटली हातात घेऊन उभी होती.

“अहो, झाका की,” मी कुजबुजले.

“का? चोरीचं हाय व्हय? माझंच हाय!”

सगळ्या हसल्या. एकेक बाटली पदराबाहेर आली. माझी तेवढी आतच राहिली. निकालाच्या भीतीनं मी सुनेची लघवी भरून आणली होती.

“हे माझं नाही,” असं तिच्या कानात सांगून मी ती मोरीत ओतली, स्वतःची भरली आणि परत आले. तिनं माझी जागा धरून ठेवली होती.

“आता कुणाचं?” तिनं हळूच विचारलं.

“माझंच!” अख्ख्या रांगेला ऐकू गेलं.